बचावपटूचा पगार आधी बँकेत ठेवा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

2025 च्या जुलैमध्ये इंडियन सुपर लीग स्थगित झाली तेव्हा सगळ्याच वृत्तपत्रांनी त्या विषयाला भरपूर जागा दिली आणि ते योग्यच झाले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि त्याचा व्यापारी भागीदार यांच्यात 2010 मध्ये झालेला पंधरा वर्षांचा करार संपत आला होता, नवा करार ठरत नव्हता, आणि त्या अनिश्चिततेत काही क्लबांनी सराव थांबवला, काहींनी पगार थांबवले. राष्ट्रीय संघातले खेळाडू समाजमाध्यमांवर बोलू लागले, त्यामुळे ही गोष्ट घराघरात पोहोचली. त्या बातम्या वाचताना मला एकच गोष्ट राहून राहून वाटत होती. वरच्या श्रेणीत जे एकदा घडले म्हणून देश हळहळला, ते आय-लीग, आय-लीग 2 आणि त्याखालच्या स्पर्धांमध्ये खेळणाऱ्या मुलांच्या वाट्याला जवळजवळ दर उन्हाळ्यात येते, आणि त्याची चार ओळींची बातमीही होत नाही. या पत्रात मला त्या मुलांबद्दल, आणि त्यांतही बचावफळीत खेळणाऱ्यांबद्दल लिहायचे आहे.

मी कोल्हापुरातल्या एका शाळेत एकतीस वर्षे क्रीडाशिक्षक होतो. कोल्हापुरात मुलांना फुटबॉलची गोडी लावावी लागत नाही. ती पेठेतल्या तालमीतून घरी आलेलीच असते, शिक्षकाने फक्त तिला शिस्त लावायची. माझ्या हाताखालून गेलेल्यांपैकी एक विद्यार्थी पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये दहा वर्षे खेळला. त्याचे नाव मी येथे देत नाही, कारण त्याची तशी इच्छा आहे. आठवीत माझ्याकडे आला तेव्हा तो सर्वांसारखा फॉरवर्डच होता. फॉरवर्डच्या पायांकडे पाहू नकोस, त्याच्या कमरेकडे पाहा, पाय फसवतात, कंबर फसवत नाही, हे मी त्याला नववीत सांगितले आणि त्या एका वर्षात तो स्टॉपर, म्हणजे गोलसमोरचा मधला बचावपटू, झाला. त्याचा वेग बेताचा होता, पण चेंडू कुठे पडणार हे त्याला इतरांच्या आधी कळत असे. शाहू स्टेडियमवर त्याने पहिल्यांदा तालमीच्या संघाकडून लीगचा सामना खेळला तेव्हा समोरच्या संघाच्या कॉर्नरवर डोके लावताना डाव्या भुवईवर तीन टाके पडले; पट्टी बांधून तो पुन्हा मैदानात उतरला. ती खूण आजही त्याच्या कपाळावर आहे.

एकोणिसाव्या वर्षी तो मुंबईला गेला आणि पुढच्या दहा वर्षांत सहा क्लबांकडून खेळला. त्यातले दोन क्लब आज अस्तित्वात नाहीत. आकडा ऐकून कोणाला वाटेल की हा मुलगा एका जागी टिकणारा नव्हता. मलाही सुरुवातीला तसेच वाटले होते आणि मी त्याला त्याबद्दल एकदा रागावलोही होतो. पुढे त्याची कागदपत्रे पाहिल्यावर माझी चूक माझ्या लक्षात आली. त्याने एकही क्लब आपणहून सोडला नव्हता. प्रत्येक वेळी करार संपला होता, किंवा क्लब संपला होता.

गेल्या पंधरा वर्षांत आपल्या राज्यात काय घडले याची उजळणी करायला हवी, कारण हे एकेका मुलाचे दुर्दैव मानून आपण विसरून जातो. 2005-06 मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग, म्हणजे आय-लीगच्या आधीची स्पर्धा, जिंकणारा महिंद्रा युनायटेड हा मुंबईचा संघ 2010 मध्ये बंद करण्यात आला. एअर इंडियाचा संघ लीगच्या क्लब-परवान्याच्या निकषांत बसला नाही म्हणून 2013 मध्ये आय-लीगमधून बाहेर गेला. पुणे एफसी 2012-13 च्या आय-लीगमध्ये उपविजेता होता. दोनच वर्षांनी, 2015 मध्ये, तो संघ उरला नाही, आणि त्याच उन्हाळ्यात एकच हंगाम खेळलेला भारत एफसीही गेला. त्यांच्यानंतर पुण्यातून आय-लीगमध्ये आलेला डीएसके शिवाजियन्स 2017 मध्ये बाहेर पडला. सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी 2019 मध्ये बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबाने घेतली. मुंबई एफसी 2017 मध्ये आय-लीगच्या तळाला राहिला आणि पुन्हा उभा राहिलाच नाही. शेजारच्या गोव्यात 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनी आय-लीगमधून माघार घेतली. यातला धेंपो म्हणजे पाच वेळचा राष्ट्रीय विजेता, आणि त्यालाही आय-लीगमध्ये परतायला 2024 उजाडावे लागले. प्रत्येक बंद पडलेल्या संघामागे पंचवीस-तीस खेळाडू धरले, तर त्या उन्हाळ्यांमध्ये एकाच वेळी नव्या जागा शोधणाऱ्या मुलांची गर्दी किती झाली असेल याचा अंदाज येईल. चार-सहा गोल नावावर असलेला फॉरवर्ड त्या गर्दीत उठून दिसतो. बचावपटूकडे दाखवायला काय असते?

माझ्या मते हाच प्रश्न मुळाशी आहे. बचावपटूचे काम बिनचूक झाले तर त्या दिवशी काही घडतच नाही. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात गोल करणाऱ्याचे नाव मिनिटासह छापून येते. बचावपटूचे नाव येते ते स्वयंगोल झाला किंवा लाल कार्ड मिळाले तरच. आपल्या दैनिकाच्या क्रीडा विभागाला माझी एक विनंती आहे. राज्यातल्या संघांच्या सामन्यांची बातमी देताना शेवटी दोन्ही बाजूंच्या अकरा खेळाडूंची नावे द्यावीत. जागेची अडचण मी समजू शकतो, पण खालच्या श्रेणीत हे कात्रणच पुष्कळदा खेळाडूचे प्रशस्तिपत्र असते. माझ्या विद्यार्थ्याच्या फाईलमध्ये दहा वर्षांची मिळून नऊ कात्रणे आहेत, आणि त्यातल्या तीनच कात्रणांत त्याचे नाव आहे.

याच्या जोडीला आणखी एक अडचण असते. आपल्या देशातल्या क्लबांनी परदेशी खेळाडूंच्या जागा बहुतेक वेळा एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंतच्या मधल्या पट्ट्यात खर्च केल्या आहेत. एक सेंटर फॉरवर्ड, एक मधल्या फळीतला आणि एक स्टॉपर. त्यामुळे अस्सल भारतीय स्टॉपरला एक तर राखीव बाकावर बसावे लागते किंवा बाजूला सरकून राइट बॅक व्हावे लागते. माझ्या विद्यार्थ्याला चोविसाव्या वर्षी असेच बाजूला सरकवले गेले. कडेने वर-खाली धावण्याचा वेग त्याच्याकडे कधीच नव्हता. त्याचा तो हंगाम फुकट गेला आणि पुढच्या करारात पगार वाढण्याऐवजी घटला.

मी उगाच निराशेचा सूर लावतो आहे असे कोणी म्हणू नये, म्हणून एका खेळाडूचे उदाहरण मुद्दाम देतो. केरळच्या कोंडोट्टीचा अनस एडथोडिका हा बचावपटू लहान वयात गावात ऑटोरिक्षा चालवत असे. 2007 मध्ये तो नव्यानेच स्थापन झालेल्या मुंबई एफसीमध्ये आला, 2008 मध्ये त्या संघाने आय-लीगची द्वितीय श्रेणी जिंकली त्यात तो होता, आणि 2011 पासून पुढची चार वर्षे तो पुणे एफसीकडून खेळला. म्हणजे त्याच्या उमेदीची आठ वर्षे आपल्या राज्यात गेली. भारताची जर्सी त्याला मिळाली ती 2017 च्या मार्चमध्ये, कंबोडियाविरुद्ध, वयाच्या तिसाव्या वर्षी. दोन वर्षांनी आशियाई चषकात बहरीनविरुद्ध सामना सुरू होऊन पाच मिनिटेही झाली नव्हती तेव्हा दुखापतीमुळे तो बाहेर गेला, आणि त्यानंतर लगेच त्याने आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्ती जाहीर केली. मुंबई एफसीतच घडलेल्या आशुतोष मेहता या बचावपटूचेही तसेच आहे. प्रशिक्षक खालिद जमील मुंबई एफसीतून गेल्यावर 2016-17 मध्ये तो त्यांच्याबरोबर मिझोरामच्या ऐझॉल एफसीत गेला, आणि ज्या हंगामात मुंबई एफसी तळाला गेला त्याच हंगामात ऐझॉलने आय-लीग जिंकली. 2020 मध्ये मोहन बागानबरोबर त्याने ती पुन्हा जिंकली. त्याचेही भारताकडून पदार्पण तिसाव्या वर्षीच झाले, 2021 मध्ये ओमानविरुद्ध दुबईत.

या दोघांकडे पाहून मला जे दिसते ते असे. बचावपटू उशिरा पिकतो. सामने वाचायला, सहकाऱ्याला योग्य क्षणी हाक द्यायला, ऑफसाइडची रेषा सांभाळायला वर्षे लागतात. पंचविसाव्या वर्षी तो शिकत असतो आणि अठ्ठाविसाव्या वर्षी तयार होतो. नेमक्या त्याच वयात खालच्या श्रेणीतल्या मुलाच्या घरून विचारणा सुरू होते की आणखी किती वर्षे असे चालणार. अनस आणि आशुतोष त्या वर्षांमध्ये तग धरू शकले. किती जण तग धरू न शकल्याने घरी परतले, त्यांची यादी कोणाकडेही नाही.

जुन्या काळी तग धरायला लागणारा आधार खात्याच्या नोकरीने दिला होता. रेल्वे, बँका, एअर इंडिया, मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा यांचे संघ मुंबईत होते. हार्वूड लीग आणि रोव्हर्स चषक या स्पर्धांमध्ये मुंबईच्या कूपरेज मैदानावर त्यांची झुंज पाहायला मी स्वतः रात्रीच्या गाडीने जात असे. ज्याला कायम नोकरी मिळाली त्या खेळाडूचा गुडघा गेला तरी दुसऱ्या दिवशी त्याला कार्यालयात खुर्ची होती आणि महिन्याच्या शेवटी पगार होता. व्यावसायिक क्लब आले ते चांगलेच झाले. सराव सुधारला, आहार सुधारला, खेळ वेगवान झाला. पण खुर्ची गेली आणि तिच्या जागी दुसरे काहीच आले नाही.

त्याच्या जागी आला तो करार. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत माझा विद्यार्थी त्याचा शेवटचा करार घेऊन घरी आला होता. इंग्रजीत होता, नीट समजत नव्हता, म्हणून मी वाचून दाखवावा असे त्याचे म्हणणे होते. प्लास्टिकच्या फाईलमध्ये पाच पाने, प्रत्येक पानाच्या खाली त्याची सही, आणि शेवटच्या पानावर क्लबच्या बाजूची सही करायची जागा कोरी. मुदत 1 सप्टेंबर ते 30 एप्रिल. पगार महिना अठ्ठावीस हजार, म्हणजे वर्षाच्या बारा महिन्यांत वाटला तर महिना एकोणीस हजारांच्याही आत. दुखापत झाल्यास उपचार क्लबच्या डॉक्टरांच्या मतानुसार, असे एक कलम होते. उपचारांचा खर्च कोण करणार, करार संपल्यावर उपचार चालू राहिले तर काय, याबद्दल एक अक्षरही नव्हते. फेब्रुवारीत त्याच्या उजव्या गुडघ्याचे लिगामेंट फाटले. मार्च आणि एप्रिलचा पगार आलाच नाही. शस्त्रक्रिया त्याने वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीतून काढलेल्या पैशांत करून घेतली. त्या क्लबचे नाव मी लिहीत नाही, कारण माझे गाऱ्हाणे एका क्लबविरुद्ध नाही. त्याच्या आधीच्या पाच करारांची पाने मी नंतर उलगडून पाहिली, आणि शब्द थोडेफार वेगळे असले तरी मुदतीचे आणि दुखापतीचे कलम सगळीकडे असेच होते.

मे ते ऑगस्ट हे चार महिने हा मुलगा काय करत होता, असा प्रश्न कोणी विचारील. तो गावोगावच्या रोख बक्षिसांच्या स्पर्धा खेळत होता. टणक मातीवर, कधी रात्रीच्या दिव्यांत, सलग तीन दिवसांत चार सामने. प्रत्येक प्रशिक्षकाने त्याला अशा स्पर्धा खेळू नकोस म्हणून बजावले होते आणि प्रत्येक प्रशिक्षकाचे म्हणणे बरोबरच होते. पण त्या चार महिन्यांच्या किराण्याची सोय त्यांच्यापैकी कोणाच्याही हातात नव्हती.

फिफाच्या नियमावलीत खेळाडूला संरक्षण आहे हे मला ठाऊक आहे. 2018 पासून असा नियम आहे की दोन महिन्यांचा पगार थकला, तर क्लबला लेखी कळवून पंधरा दिवसांची मुदत द्यावी आणि तरीही पैसे आले नाहीत तर खेळाडूला करार मोडता येतो. नियम चांगला आहे, पण ज्याचा करारच आठ महिन्यांचा आहे त्याने सहाव्या महिन्यात तो मोडून जायचे कुठे? त्या वेळी सर्व संघांच्या याद्या भरलेल्या असतात. आणि बंद पडलेल्या क्लबविरुद्ध निकाल लागला तरी वसुली कोणाकडून करायची, हा प्रश्न उरतोच. जगभर हीच अडचण आहे म्हणून फिफाने 2020 मध्ये खेळाडूंच्या संघटनेच्या मदतीने एक कोटी साठ लाख डॉलरचा निधी जाहीर केला होता, तो पगार न देता बंद पडलेल्या क्लबांच्या खेळाडूंसाठीच. इंग्लंडमध्ये 1885 मध्ये स्थापन झालेला बरी हा क्लब 2019 मध्ये लीगमधून काढला गेला, तेव्हा तिथल्या खेळाडूंचेही पगार थकले होते. पण तिथे 1907 पासून चालत आलेली खेळाडूंची संघटना त्यांच्या मागे उभी होती, आणि चौथ्या श्रेणीतसुद्धा प्रत्येक संघ हंगामात 46 सामने खेळतो, त्यामुळे अनुभवी बचावपटूला दुसरीकडे मागणी असते. आपल्याकडे आय-लीग 2 मध्ये एका संघाच्या वाट्याला हंगामात वीस सामनेही येत नाहीत.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे, आणि ती अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे तसेच आपल्या राज्याच्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे आहे. क्लबने स्पर्धेत प्रवेश घेताना त्या हंगामाच्या एकूण पगाराइतकी, निदान निम्मी तरी, रक्कम स्पर्धा घेणाऱ्या संघटनेकडे बँक हमी म्हणून ठेवावी आणि पगार थकला की महिनाभरात त्या हमीतून तो खेळाडूच्या खात्यात जमा व्हावा. आज परवान्याच्या अटींमध्ये मागील देणी थकलेली नसावीत असे कलम असते, पण ते झालेल्या हंगामाकडे पाहते. मुलाला चिंता येणाऱ्या हंगामाची असते. काही लहान क्लबांना ही अट परवडणार नाही, असे मला माझ्या एका प्रशिक्षक मित्राने ऐकवले आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. संघ कमी झाले तर मुलांना खेळायलाच मिळणार नाही, ही भीतीही खरी आहे. तरीसुद्धा माझे मत बदललेले नाही. ज्या क्लबकडे आठ महिन्यांचा पगार बाजूला ठेवण्याइतका पैसा नाही त्याने व्यावसायिक करार देऊ नयेत. हौशी संघ म्हणून उतरावे, मुलांना दुसरी नोकरी करण्याची मोकळीक द्यावी आणि त्यांना तसे स्पष्ट सांगावे. माझ्या विद्यार्थ्याला एकोणिसाव्या वर्षी असे कोणी स्पष्ट सांगितले असते, तर त्याने पदवीची शेवटची परीक्षा दिली असती.

करारात दुखापतीचा विमा असावा आणि तो करार संपल्यानंतरही त्या दुखापतीपुरता चालू राहावा, हे वेगळे सांगायला नको. कराराची मराठी प्रत देणे तर बिनखर्चाचे काम आहे.

राज्य शासनाकडेही एक मागणे आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि त्याचा लाभ अनेक गुणी मुलामुलींना झाला आहे, याचा मला क्रीडाशिक्षक म्हणून अभिमान आहे. मात्र ती व्यवस्था राज्याचे वा देशाचे प्रतिनिधित्व आणि तिथली पदके यांवर उभी आहे. फुटबॉलमध्ये महाराष्ट्राने संतोष करंडक, म्हणजे राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा, शेवटचा जिंकला तो 1999-2000 मध्ये. म्हणजे आज तिशीत असलेल्या खेळाडूने शाळेत पाऊल ठेवले असेल-नसेल तेव्हा. देशभर फिरून क्लबकडून शंभर सामने खेळलेला बचावपटू या चौकटीत कुठेच बसत नाही. राष्ट्रीय लीगमधल्या ठराविक सामन्यांची प्रमाणित नोंद, किमान पोलीस दल, क्रीडा मार्गदर्शक आणि शाळांमधले क्रीडाशिक्षक या पदांसाठी तरी, पात्रता म्हणून धरावी. अशी नोंद ठेवण्याचे काम महासंघाला अवघड नाही; प्रत्येक सामन्याची खेळाडूंची यादी पंचांच्या अहवालासोबत त्यांच्याकडे जातेच.

माझा विद्यार्थी आता एकतीस वर्षांचा आहे. गुडघा बरा झाला आहे, पण कोणत्याही क्लबने त्याला चाचणीला बोलावलेले नाही. सकाळी तो एका दुकानात हिशेब पाहतो आणि संध्याकाळी आमच्या शाळेच्या मैदानावर चौदा वर्षांखालील मुलांना बचाव शिकवतो, विनामोबदला. मागच्या आठवड्यात मी मैदानावर गेलो होतो. एका बारीक चणीच्या मुलाला तो दोन्ही खांद्यांना धरून सांगत होता की पायांकडे पाहू नकोस, कमरेकडे पाहा.

त्याचे सहाही करार माझ्याकडे आहेत. संघटनेच्या किंवा शासनाच्या कोणा जबाबदार व्यक्तीला ते पाहायचे असतील, तर क्लबांची आणि त्याची नावे झाकून प्रती देण्यास त्याची संमती आहे. आपल्या कार्यालयामार्फत निरोप आला तरी मी त्या पोहोचत्या करीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
कोल्हापूर